मिस्त्रींची दाढ आणि डॉक्टरांचा एल्बो

सासूबाई रविवारी बोटीत बसायला येणार, ही बातमी दातांच्या डॉक्टरांना नेमकी अशा वेळी कळली, की त्यांचे दोन्ही हात एका पेशंटच्या तोंडात होते. दवाखाना घराच्या खालच्याच मजल्यावर असल्यामुळे घरातली कुठलीही बातमी तिथे गरमागरम पोचत असे.

"अहो, आईचा फोन होता," बायको दारातूनच म्हणाली. "रविवारी येतेय. बोटीतून चक्कर मारायचीय म्हणते."

"या रविवारी?"

"मग काय पुढच्या वर्षीच्या? आणि थोरले भावोजीही येणारेत. आईला बोटीचा काय तो निकाल लावून टाकायचाय."

डॉक्टरांचा हात जागच्या जागी थबकला. खुर्चीतला पेशंट "आँ, ऊँ ऊँ, आँ" असं काहीसं म्हणाला.

"नाही हो, सून नाही, सासू येतेय," डॉक्टर त्याला म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

बोट सासऱ्यांची. ते गेल्यापासून ती डॉक्टरांच्या ताब्यात होती, पण नावावर मात्र कुणाच्याच नव्हती. थोरले जावई या नात्याने साडूंना ती आपली वाटे. दर रविवारी भल्या पहाटे उठून आपण तिची उस्तवार करतो, या नात्याने डॉक्टरांना ती आपली वाटे. सासूबाईंना काय वाटे ते त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि त्यामुळेच दोन्ही जावई त्यांच्याशी इतके गोड वागत होते.

अडचण एकच होती. बोटीच्या पोटात, लाकडी पेटीखाली बसवलेलं ते जुनं इंजिन हल्ली धूर बाहेर सोडायच्या ऐवजी आत सोडायला लागलं होतं. मागच्या खेपेला डॉक्टर बोटीतून उतरले तेव्हा धक्क्यावरच्या माणसाने त्यांना ओळखलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी मिस्त्रींना बोलावलं. बंदरातल्या सगळ्या म्हाताऱ्या इंजिनांचे हे एकमेव मिस्त्री. देहाने दांडगे, आवाजाने त्याहून दांडगे. त्यांनी पेटी उघडली, आत डोकं घातलं आणि एका वाकड्या लोखंडी नळीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. स्क्रू ड्रायव्हर बिस्किटात घुसावा तसा आरपार गेला.

"हा एल्बो गेला, डॉक्टर."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे संपला. इंजिनाचा धूर आणि इंजिन थंड करून आलेलं खारं पाणी, दोन्ही याच्यातनंच बाहेर जातं. वर्षानुवर्षं खारं पाणी पिऊन लोखंड राहतंय होय? आतनं सगळं किडलंय. वरनं दिसत नाही, एवढंच."

हेच वाक्य डॉक्टर रोज चार जणांना ऐकवत असत. ऐकायला ते इतकं वाईट लागतं, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळलं.

"पण नुसतं भरून नाही का घेता येणार?" त्यांनी पेशंटच्याच केविलवाण्या सुरात विचारलं.

यावर मिस्त्री तोंड भरून हसले. आणि तिथेच घात झाला. ते तोंड इतकं मोठं उघडलं, की सवयीने डॉक्टरांची नजर थेट आत गेली.

"मिस्त्री, तुमची खालची डावी दाढ बघितलीत का? काढावी लागेल ती. आजच आलात तर बरं."

मिस्त्रींचं तोंड पेटीच्या झाकणासारखं बंद झालं. "उद्या नवा एल्बो घेऊन येतो," एवढं ओठ न उघडता बोलून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी नवाकोरा एल्बो, त्याचं गॅस्केट आणि एक रबरी पाइप धक्क्यावर ठेवलेला सापडला. मिस्त्री मात्र नव्हते. फोनही उचलेनात. डॉक्टरांनी दवाखान्याच्या नंबरावरून लावून पाहिला. तो तर त्यांनी पहिल्याच घंटेला कापला.

"एल्बोच तर बदलायचाय," डॉक्टर बायकोला म्हणाले. "चार बोल्ट काढायचे, चार बसवायचे. त्यात काय एवढं?"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर "त्यात काय एवढं" याचा अर्थ बायकोला पाठ झाला होता. तिने जुने टॉवेल काढून ठेवले.

डॉक्टर दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून बोटीवर गेले. बोल्ट गंजून असे एकजीव झाले होते, की लोखंड कुठे संपतं आणि बोल्ट कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मग त्यांनी दाताच्या इंजेक्शनच्या सुईने एकेका बोल्टच्या मुळाशी तेल सोडलं, आणि सोडताना सवयीप्रमाणे "जरा कडू लागेल हं" असंही म्हणाले. तीन बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. चौथ्याला ते हलकेच चुचकारत असतानाच धक्क्यावरून आवाज आला.

"काय, चाललंय का काम? म्हटलं, रविवारच्या आधी एकदा नजर टाकावी."

साडू आले होते. साडूंचं एक होतं, मदतीला ते न बोलावता येत आणि सांगूनही जात नसत. ते आत उतरले, थोडा वेळ पाहत उभे राहिले आणि हळहळले.

"अहो, असं गोंजारून काय होणार? तुमचा हात दातांचा. इथे ताकद लागते. द्या तो पाना इकडे."

"नको, नको. हा जरा नाजूक..."

टक्क, असा आवाज झाला. बोल्टचं डोकं साडूंच्या हातात आलं, धड आत राहिलं. साडूंनी ते डोकं उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"आधीचाच मोडलेला होता हा," ते म्हणाले. "सासूबाईंना सांगायला हवं, बोटीकडे कुणाचं लक्ष नाहीये म्हणून."

ते ऐकून डॉक्टरांच्या डोक्यात तिडीक गेली. मोडका तुकडा हिरडीत रुतून बसला तर काय करायचं, हे या गावात आपल्याइतकं कुणाला कळतं? दुसऱ्या दिवशी ते शिबिरांसाठी घेतलेलं दात कोरायचं हलकं यंत्र घेऊन बोटीवर हजर झाले. कपाळाला दिवा बांधला, तोंडाला मास्क लावला आणि पुन्हा न बोलावता आलेल्या साडूंच्या देखत ते इंजिनावर ओणवे झाले. बोल्ट अडकला होता तो मॅनिफोल्डमध्ये. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेला ओतीव लोखंडाचा लांबट ठोकळा. सगळा धूर आधी त्याच्यात गोळा होतो आणि तिथून एल्बोत जातो.

काम बाकी सुंदर चाललं होतं. कोरायची टोकं एकामागून एक बोथट होत होती, पण बोल्टचा तुकडाही भुकटी होऊन बाहेर येत होता. डॉक्टर गुणगुणायला लागले. शेवटचा कण निघाला तेव्हा त्यांनी साडूंकडे विजयी नजरेने पाहिलं आणि भोक धुऊन काढायला पिचकारीने पाणी सोडलं.

पाणी आत गेलं ते परत आलं नाही. थोड्या वेळाने ते इंजिनाच्या भलत्याच भोकातून टपटप गळू लागलं.

ठोकळ्याच्या भिंतीत पाणी खेळायची पोकळी असते. डॉक्टर कोरत कोरत थेट तिच्यात उतरले होते. अशा वेळी पेशंटला काय सांगायचं, ते त्यांना चांगलं माहीत होतं. स्वतःला काय सांगायचं, ते सुचेना.

"आता अख्खा ठोकळाच बदलावा लागणार," साडू म्हणाले. "बोल्ट मोडला होता तेच बरं होतं."

ही इंजिनं बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तसा ठोकळा मिळाला तर एकाच ठिकाणी मिळणार होता, मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शनिवारी सकाळी डॉक्टर सगळा मान बाजूला ठेवून तिकडे गेले.

मिस्त्री एका उलट्या डब्यावर बसले होते. डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं आणि डावा गाल वांग्याएवढा. डॉक्टरांना पाहताच ते उठून मागच्या दाराकडे निघाले, पण तिथे त्यांची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काल रात्रभर भिंतीवर डोकं घासत होते," ती म्हणाली. "आणि विचारलं की म्हणतात, काही होत नाही, हवा बदललीय."

"मिस्त्री, मला मॅनिफोल्ड पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "एल्बो बदलायचा होता ना?"

"एल्बो बदलताना एक बोल्ट मोडला."

"मग?"

"मी तो कोरून काढला."

"कशानं?"

डॉक्टरांनी सांगितलं. मिस्त्रींना हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर अशी कळ गेली की त्यांनी गाल धरून पुन्हा डब्यावर बसकण मारली.

"ठोकळा आहे माझ्याकडं," बसल्या बसल्या ते म्हणाले. "पण खाली वाकलं की जीव जातोय माझा. इंजिनात डोकं कसं घालू?"

"आधी दाढ काढू. मग ठोकळा."

"आधी ठोकळा."

"वाकता येत नाही ना तुम्हाला?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिने फक्त दरवाजा आणखी उघडला. मिस्त्री निमूटपणे ठोकळा खांद्यावर घेऊन निघाले. आधाराला काहीतरी ओळखीचं बरोबर असावं, असं त्यांना वाटलं असेल.

दाढ सुटायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो मिस्त्रींच्या मुठीतून खुर्चीचा हात सोडवायला. डॉक्टरांनी जागेवर कापसाचा बोळा ठेवला आणि बजावलं, "घट्ट दाबून धरा. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही."

मिस्त्री एवढे घाबरले होते, की त्यांनी हा हुकूम अक्षरशः पाळला. बोटीवर आले तेव्हा त्यांचे ओठ शिवल्यासारखे मिटलेले होते. जबडा सुन्न, मान अवघडलेली. वाकणं अजूनही शक्य नव्हतं. ते लाकडी पेटीच्या कडेवर बसले आणि त्यांनी डॉक्टरांकडे बोट केलं.

"मी करू?" डॉक्टर दचकले.

"ऊँ."

"अरे देवा," साडू म्हणाले. सकाळपासून तेही तिथेच होते. "आता हे बोलणार नाहीत, तुम्हाला येणार नाही. मी सासूबाईंना कळवूनच टाकतो."

"ऊँऊँ, आ ऊँ ऊँआ," मिस्त्री म्हणाले.

"आधी बॅटरीची तार सोडवतो," डॉक्टर म्हणाले, आणि सोडवली.

साडू दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. "तुम्हाला कसं कळलं?"

डॉक्टरांना प्रश्नच समजला नाही. तोंडात बोळा असलेल्या माणसांशी गप्पा मारण्यात त्यांची उभी हयात गेली होती. कुणी मुलीच्या लग्नाचं सांगे, कुणी शेजाऱ्याच्या भांडणाचं. त्यांना त्यात शब्द ऐकू येत. उलट तोंड रिकामं असलेली माणसं काय म्हणतात, तेच त्यांना पुष्कळदा कळत नसे.

मग त्या दिवशी दुपारभर बोटीत जो संवाद चालला, तो धक्क्यावरच्या रिकामटेकड्यांनी गोळा होऊन ऐकला. "आँ ऊँ ऊँ." "बरं, आधी मधला आवळतो." "ऊँ! ऊँ ऊँ आ!" "हो हो, गॅस्केटला तेल लावत नाही." जुना ठोकळा उतरला, नवा चढला. एल्बो बसला, रबरी पाइप चढला, त्याच्या क्लिपा आवळल्या गेल्या, बॅटरीची तार पुन्हा जोडली गेली. डॉक्टरांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि चष्म्याच्या एका काचेवर गंजाचा ठिपका बसला होता. त्यांनी चावीला हात घातला.

"ऊँऊँऊँऊँ!" मिस्त्री अर्धवट उठून किंचाळले.

"कळ आली त्यांना!" साडू ओरडले आणि धावत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले. "प्या, प्या."

"प्यायचं नाहीये त्यांना," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "इंजिनाला पाजायचंय. खालचा नळ बंदच राहिलाय." त्यांनी समुद्राचं पाणी आत घेणारा नळ उघडला आणि चावी फिरवली.

इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि सुरू झालं. बोटीच्या मागच्या बाजूने पाणी आणि धूर एकत्र, अगदी शहाण्यासारखे बाहेर पडू लागले. आत काडीचाही वास नव्हता. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं की भूल उतरत होती, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

रविवारी सासूबाई पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या. घरातल्यांनी त्यांना गडद रंगाचं काहीतरी नेसायला सुचवलं होतं, पण त्यांनी ते ऐकलं नाही. अख्खी चक्कर त्या इंजिनाच्या पेटीला लागून बसल्या. उतरल्यावर त्यांनी पदर आधी नाकाला लावला, मग डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. एक डाग नव्हता.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघांनी," साडू म्हणाले.

"बोल्ट यांनी मोडला," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं मी केलं."

"बरं झालं, मला कळलं ते." सासूबाईंनी पदर पुन्हा खांद्यावर सारखा केला. "मग माझं ठरलं. ही बोट थोरल्या जावयांना."

डॉक्टरांनी तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"त्यांना चालू स्थितीतलीच वस्तू द्यायला हवी," सासूबाई म्हणाल्या. "मोडकं काही दिलं, तर आणखी मोडतील. तुमचं तसं नाही. तुमच्या सासऱ्यांची पहिली बोट आमच्या परसात पालथी पडलीय. इंजिन गोठ्यात आहे. ती तुम्हाला. तुमच्या हातात गेली तर उभी राहील."

साडूंनी आनंदाने डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेतले आणि लगेच आपले हात रुमालाला पुसले. नंतर ते सासूबाईंना घेऊन आणखी एक चक्कर मारायला गेले. इंजिन इतकं हलकं वाजत होतं, की बोट वळणाआड गेल्यावर तर ते ऐकूच येईना. डॉक्टर धक्क्यावर उभे राहून ऐकायचा प्रयत्न करत होते.

"आईला हे तूच सुचवलंस ना?" बोट दिसेनाशी झाल्यावर ते बायकोला म्हणाले.

"हो."

"का?"

"बोट चालू असली की दर रविवारी तुम्ही तास दोन तासांत परत येता, आणि मग दिवसभर घरात चुका काढत बसता." तिने त्यांच्या शर्टावरचा गंज झटकला. "या आठवड्यात एकही काढली नाहीत. जेवताना गुणगुणत होता."

यावर रागवावं असं डॉक्टरांना मनापासून वाटत होतं. त्यासाठी शब्दही जुळवायला घेतले होते.

"त्या दुसऱ्या इंजिनाचा," शेवटी ते म्हणाले, "एल्बो कसा आहे?"

"एल्बो कुठला? नाहीच आहे. आई म्हणते, नुसता गंजाचा गोळा उरलाय."

"नुसता गोळा?" डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा पुसायला खिशातला रुमाल शोधता शोधता मिस्त्रींच्या शेडच्या दिशेने चालायला लागले.