टेलरमास्तरांचे 'पाहुणे'

"गोगलगाय ती केवढी, तिची धाव केवढी! एक पान खाऊ देणार नाही!" टेलरमास्तरांनी छाती ठोकून बायकोला सांगितलं. तिचा पाय प्लास्टरमध्ये आणि जीव परसातल्या कोबीत. तिने एवढंच बजावलं, "औषध मारायचं नाही. आणि त्या मेलीचं नावही माझ्यासमोर काढू नका, शिसारी येते!"

म्हणून घरात गोगलगायींना 'पाहुणे' म्हणायचं ठरलं. इथेच माशी शिंकली!

कारण त्याच आठवड्यात लेकीच्या सासूबाई, म्हणजे मास्तरांच्या विहीणबाई, राहायला आल्या. आल्या कसल्या, देवासारख्या धावून आल्या! स्वयंपाक, भांडी, आजारणीचं सगळं त्यांनी अंगावर घेतलं. नाहीतर मास्तरांच्या हातचं खाऊन दोघंही अंथरुणाला खिळली असती.

इकडे मास्तरांनी वाफ्याभोवती अंड्यांची टरफलं पसरली. गोगलगायी त्यावरून अशा गेल्या, जणू पायघड्याच घातल्या होत्या! शेवटी मास्तरांनी रोपवाल्याला फोन लावला. आयुष्य शिलाई मशीनच्या खडखडाटात गेलेलं, कान अधू, त्यामुळे फोनवर बोलणं म्हणजे ओरडणंच.

"अहो, पाहुणे हटायचं नाव घेत नाहीत! दिवसभर पडून राहतात, अंधारलं की चरायला लागतात! काय? ओलं गोणपाट अंथरू? त्याखाली झोपतील? वा! मग सकाळी उचलतो आणि ओढ्यापलीकडे टाकून येतो!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मास्तरांना कुठला ऐकू यायला! ते गोणपाट भिजवायला गेले.

सकाळी बघतात तर विहीणबाई पिशवी भरून दारात उभ्या! डोळे लाल.

"निघते मी, व्याही. टाकून यायची तसदी नको तुम्हाला."

"काय टाकायचंय?"

"मी तुम्हाला साधा माणूस समजत होते! पण म्हणतात ना, गोगलगाय आणि पोटात पाय!"

मास्तरांच्या कानाने नेमका एकच शब्द टिपला. चेहरा उजळला. "गोगलगाय? तुम्हालाही दिसली? अहो, तिच्यासाठीच तर गोणपाट अंथरलंय!"

"म्हणजे मीच गोगलगाय? आणि मला गोणपाट?"

आतून बायको किंचाळली, "अहो, कालचा फोन ऐकलाय त्यांनी! परसात न्या त्यांना आधी!"

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. ही बाई रुसून गेली, तर लेकीने सासरी तोंड कसं दाखवायचं? त्यांनी हात जोडून विहीणबाईंना वाफ्याजवळ नेलं आणि गोणपाट उचललं. खाली जत्रा भरली होती!

"हे आमचे पाहुणे! हिला नाव घेतलेलं चालत नाही म्हणून. तुम्ही कसल्या पाहुण्या, विहीणबाई? तुमच्यामुळे तर हे घर उभं आहे! तुमचे उपकार कसे फेडू?"

विहीणबाईंनी वाकून बघितलं. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की पिशवी हातातून सुटली. "उपकार राहू द्या, बादली आणा!" म्हणत त्यांनी पदर खोचला आणि चिमट्याने एकेक गोगलगाय वेचली.

पुढे रोज सकाळी दोघं मिळून गोणपाट उचलायची. प्लास्टर निघालं त्या दिवशी बायको स्वतःच्या पायांनी वाफ्यापर्यंत गेली, सगळ्यात भरदार गड्डा कापला आणि विहीणबाईंच्या पिशवीत घातला. दोघींचेही डोळे भरले.

मास्तर दारापर्यंत पोचवायला आले. "पुन्हा या बरं का, विहीणबाई! अगदी हक्काने!"

"येईन की! फक्त मी आल्याचं कुणाला फोन करून सांगू नका!"