राजाचं शेवटचं प्रकरण

राजाला मारायचं तेवढं बाकी होतं, आणि कादंबरीकाराचं घोडं तिथंच अडलं होतं.

अनुभवल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, आणि इतिहासाला रेसभरही धक्का लावायचा नाही, असा त्याचा बाणा. वेढ्याच्या प्रकरणासाठी त्याने अख्खं घर उपाशी ठेवलं होतं. लढाईसाठी लोखंडी शिरस्त्राण घालून जेवायला बसला, ते डोक्यात असं रुतलं की पत्रे कापणाऱ्याला बोलावून सोडवावं लागलं. बायकोने तेही सोसलं. पण राजा अंथरुणावर खंगून मेला होता, आणि कादंबरीकाराने माणूस मरताना कधी पाहिला नव्हता.

अशात डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना, अण्णांना तपासलं आणि बाहेर येऊन मान हलवली. "आता काही दिवसांचाच प्रश्न आहे," ते म्हणाले. कादंबरीकाराला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याच्या पाठोपाठ जे वाटलं, ते मात्र तो कोणालाच सांगू शकला नसता.

दुसऱ्याच दिवशी तो खुर्ची घेऊन अण्णांच्या उशाशी बसला. एरवी या खोलीत तो फक्त वर्तमानपत्र न्यायला यायचा. आता तो त्यांचा हात हातात घेई, नखांचा रंग न्याहाळी, श्वासाला कान लावी.

"अण्णा, आधी पाय गार पडतात की गुडघे?"

"मोजे घाल, दोन्ही गरम होतील," अण्णा म्हणत आणि त्यांचे डोळे भरून येत. "सूनबाई, बघ गं, पोरगा उशापासून हलत नाही."

सूनबाई औषधाचा चमचा पुढे करी. ती नवऱ्याला पुरती ओळखून होती.

पण झालं भलतंच. या सेवेने अण्णा सुधारायला लागले. त्यांना अन्न जाऊ लागलं, झोप लागू लागली. डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. तिकडे प्रकाशकाने फोनवर फोन सुरू केले.

"काय हो, राजा कधी जातोय?"

"कसला जातोय! सकाळी दोन अंडी खाल्ली."

"राजानं?"

"वडिलांनी हो! हे असंच चाललं तर माझं प्रकरण काही उरकत नाही."

फोन ठेवून तो वळला, तर मागे अण्णा. भिंत धरून, पण स्वतःच्या पायांवर उभे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

अण्णा परत पलंगावर जाऊन बसले. त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि ते लपवण्याइतकी ताकद अजून आलेली नव्हती.

"म्हणजे राजासाठी बसत होतास," ते म्हणाले.

"अण्णा, तसं नाही..."

"तसंच आहे. मग आधी सांगायचंस की! विमा एजंट होतो मी. जन्मभर लोकांना मरणाची भीती घालूनच तुम्हाला पोसलं. काय काय हवंय तुझ्या राजाला? दाखवतो सगळं. पण एकदम नाही. रोज येऊन बसायचं, रोज थोडं थोडं."

रंगीत तालीम सुरू झाली. एक दिवस धाप, एक दिवस भ्रम. घरघर तर इतकी बेमालूम जमली की शेजारच्या काकूंनी ती ऐकून हंबरडा फोडला आणि थोरल्या काकांना फोन लावला. तासाभरात दाराशी चपलांचा ढीग पडला. काका हार घेऊन रडत आत आले, तर अण्णा बशीतून चहा पीत होते.

"कोण गेलं रे?" अण्णांनी विचारलं.

काकांना हार कुठे ठेवावा कळेना. अण्णांनीच तो घेऊन खिडकीच्या कडीला अडकवला. "राहू दे इथंच. तुला पुन्हा हेलपाटा नको."

त्या दिवशी बाप-लेक पोट धरून हसले. आयुष्यात पहिल्यांदाच असतील. पुढेपुढे कादंबरीकार राजाचं काही विचारायचंही विसरू लागला. नुसताच बसायचा.

शेवटी अण्णांनीच आठवण केली. "शेवटचे शब्द राहिलेत. घे. 'मी जातो, पण राज्य जागं ठेवा.' कसं आहे?"

"अण्णा, फक्कड!"

"मग जा, लिही. तो बिचारा किती दिवस ताटकळलाय."

"बसतो की थोडा वेळ."

"अरे जा. मी कुठे पळून जातोय?"

तो पलीकडच्या खोलीत गेला. लेखणी अशी धावली म्हणता! धाप, भ्रम, घरघर, सगळं जिथल्या तिथे बसलं. राजा शेवटचे शब्द बोलत होता, तेवढ्यात बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, अण्णा गेले."

"घरघर लागली होती?" त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि ते तोंड फोडून घ्यावंसं त्याला वाटलं.

"काही नाही हो. 'खिडकी लाव, ऊन येतंय' म्हणाले. मी उठले. कडीतला हार काढण्यात जरा वेळ गेला. वळले तर..." ती खाली बसली.

काही आठवड्यांनी प्रकाशकाला शेवटचं प्रकरण पोचलं. ते जेमतेम पानभर होतं. त्याने तडक फोन लावला.

"अहो, हे काय? राजा म्हणतो, खिडकी लाव. राजपुत्र उठून खिडकीशी जातो. आणि संपलं? राजा मेला की नाही?"

"माहीत नाही."

"माहीत नाही काय? इतिहासात तर मेलाय!"

"मेला असेल," कादंबरीकार म्हणाला. "राजपुत्र अजून वळलेला नाही."