परात्मतेचं प्रात्यक्षिक

मी शिकवलेलं पोरं जन्मात विसरत नाहीत. हे मी बावीस वर्षं सांगत आलोय आणि आजवर एकाही माणसाने ते खोडून काढलेलं नाही. माझी पद्धतच तशी आहे. वर्गात शिरायचं, प्रश्न टाकायचा, दोन सेकंद थांबायचं आणि उत्तर द्यायचं. वेळ वाया जात नाही, पोरांचीही दमछाक होत नाही.

त्यामुळे नववीला आधुनिकतावादी लघुकादंबरी शिकवायची असं मी ठरवलं, तेव्हा साऱ्या स्टाफरूमने कपाळाला हात लावला, पण मी डगमगलो नाही. पुस्तक ब्याण्णव पानांचं. टपाल कचेरीत शिक्के मारणारा एक माणूस असतो. तिसऱ्या पानावर त्याच्या लक्षात येतं की आपल्याशी कोणी बोलत नाही. उरलेली एकोणनव्वद पानं तो हे कोणाला तरी सांगायला बघतो. संपलं.

"म्हणजे त्यात होतं काय?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं होतं.

"काहीच होत नाही, मॅडम. तीच तर गंमत आहे."

"चाळीस प्रती मागवल्यात तुम्ही. या गमतीच्या."

शेवटी असं ठरलं की शुक्रवारी बाई स्वतः वर्गात येऊन बसतील. पोरांना पुस्तक कळलंय असं दिसलं तर ते राहील, नाहीतर चाळीस प्रती कपाटात आणि मी पुन्हा निबंधलेखनावर. "आणि त्या तुमच्या प्रयोगापायी एकाही मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं," बाई म्हणाल्या, "तर कपाटाची किल्लीही माझ्याकडे राहील."

प्रयोग म्हणजे माझ्या डोक्यातून निघालेलं एक रत्न. मी फळ्यावर 'परात्मता' असा भलामोठा शब्द लिहिला, खाली 'आपल्याच माणसांत परकं होणं' असा अर्थ लिहिला, आणि वर्गाला म्हटलं, "हे वाचून कळत नाही. अनुभवावं लागतं. तुम्ही गुपचूप एक माणूस निवडा. सोमवार सकाळपासून शुक्रवारच्या शेवटच्या घंटेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. तो बोलला तरी उत्तर द्यायचं नाही. शाळेत नाही, शाळेबाहेर नाही. त्याचं काय होतं ते वहीत टिपून ठेवायचं. आणि कोण निवडलंय ते मला अजिबात सांगायचं नाही!"

शेवटच्या नियमाचा मला फार अभिमान होता. शिक्षकाने तटस्थ राहावं.

आता एक सांगायला हवं. त्या वर्गात माझी लेकही आहे. शाळेत ती मला सर म्हणते, घरी बाबा. बायको कानाच्या दवाखान्यात काम करते. लोकांच्या कानांना यंत्र लावून बसवते आणि त्यांना किती ऐकू येतं ते मोजते. आवाज आला की पेशंटने नुसता हात वर करायचा, तोंडाने काही बोलायचं नाही. आमच्या घरात एक बोलणारा आणि एक ऐकणारी, असं छान जमलेलं आहे.

सोमवारी वर्गात शिरलो तर कोणी उठून उभं राहिलं नाही. नमस्तेही नाही. सगळी पुस्तकात डोकं घालून बसलेली. माझी छाती फुगली. एवढी तल्लीनता मी निबंधाच्या तासाला कधी पाहिली नव्हती. मी प्रश्न टाकले, उत्तरं दिली, तास रंगला. स्टाफरूममध्ये येऊन भूगोलाच्या सरांना म्हटलं, "पोरं अंतर्मुख झालीत."

"कोणाला निवडलंय?" ते म्हणाले.

"ते मला कळता कामा नये."

पण मंगळवारी मला कळलं. मधल्या सुट्टीत जिन्याखाली सात-आठ मुलींचं कोंडाळं खिदळत होतं. मी सहज त्या बाजूला गेलो. मी जवळ पोचतोय तोच हसणं थांबलं, आणि एकेक करून सगळ्या निघून गेल्या. मागे एकटी उरली माझी लेक. मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

माझ्याच पोरीला टाकलं होतं! बुधवारी पुन्हा बघितलं. वाचनालयात, नळापाशी, मैदानाच्या कठड्यावर. प्रत्येक वेळी मी दहा पावलांवर आलो की तिच्या मैत्रिणी तिला सोडून चालू लागायच्या. यापेक्षा धडधडीत पुरावा कुठला?

घरी तर बघवेना. जेवताना मी विचारलं, "शाळेत सगळं ठीक आहे ना?" उत्तर नाही. "काही बोलायचंय का?" उत्तर नाही. नुसती ताटात बघत होती. स्वयंपाकघरात आईशी हळू आवाजात बोलताना ऐकू आली, पण मी आत शिरताच गप्प. बापाला त्रास नको म्हणून दुःख गिळत होती बिचारी. मला भरून आलं. मी तिच्या खोलीच्या दारात स्टूल टाकलं आणि एकटेपणा या विषयावर तिची समजूत काढली. माझ्या लहानपणापासून सुरुवात केली. ती वही उघडून बसली होती, मधून मधून काही लिहीत होती. मन मोकळं करायचा लिहिण्याइतका चांगला मार्ग नाही.

बाहेर आल्यावर बायकोला म्हटलं, "पोरगी पार मिटून गेलीय. माझ्याशी एक शब्द बोलत नाही."

"ती बोलत नाही की तुम्हाला ऐकू येत नाही, एकदा तपासून बघायला हवं," ती म्हणाली आणि हसली.

"दवाखाना घरी आणू नकोस," मी म्हटलं. आईचं काळीज इतकं कठोर असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी न राहवून मी भूगोलाच्या सरांना गळ घातली. माझ्या लेकीशी दोन शब्द बोला. सर सुट्टीनंतर घाम पुसत आले. "अहो, दोन शब्द कसले! अर्धा तास सोडलं नाही तिने मला. नद्या, धरणं, बेडकाचा कान, काय काय विचारत होती!"

"बघा," मी म्हटलं, "बोलायला किती आसुसलीय पोर."

सरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पुन्हा घाम पुसला.

शुक्रवार उजाडला. शेवटचा तास. बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. ब्याण्णव पानं माझ्या जिभेवर होती. पण लेक खिडकीपाशी बसलेली दिसली आणि मी ठरवलं, पुस्तक गेलं खड्ड्यात. चाळीस प्रतींपेक्षा माझी पोर मोठी आहे.

"मुलांनो," मी म्हटलं, "हा प्रयोग मी इथेच थांबवतो. तुम्ही कोणाला निवडलं ते मला माहीत आहे. पाच दिवस एका निष्पाप जिवाशी कोणी बोललं नाही. मी बाप आहे. मी ते रोज बघितलंय." मी पुस्तक मिटलं. "त्या जिवाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आहे कोणाला?"

दोन सेकंद थांबलो. उत्तर देणार, तेवढ्यात वाटलं, छे, याचं उत्तर त्यांनीच द्यायला हवं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी थांबून राहिलो.

दहा सेकंद झाली. वीस झाली. कोणी हललं नाही.

"बोला काहीतरी," मी म्हटलं.

अळीमिळी गुपचिळी. अडतीस पोरं आणि एकही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी पहिल्या बाकावरच्या मॉनिटरला हाक मारली, तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. मी लेकीला नावाने हाक मारली. ती खिडकीबाहेर बघू लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात अंधूकसा उजेड पडायला लागला. सोमवारचं ते न आलेलं नमस्ते. जिन्याखालच्या मुली. त्या तिला सोडून जात नव्हत्या. मी आलो म्हणून जात होत्या.

"मॅडम," मी मागे बघून घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "मी दिसतोय ना?"

"दिसताय," बाई म्हणाल्या. "ऐकूही येताय. वरच्या मजल्यापर्यंत."

तेवढ्यात घंटा झाली. अडतीस पोरं एकदम उभी राहिली आणि "नमस्ते सर" म्हणाली. पाच वेळा. पाच दिवसांची थकबाकी.

"मी?" मी खुर्चीत बसलो. "मला कशाला निवडलंत?"

मॉनिटर म्हणाली, "सर, आमच्यापैकी कोणाला पाच दिवस असं टाकायचं कोणाला पटेना. कोणी रडलं असतं तर? मग म्हटलं, तुम्हीच अनुभवायला हवं म्हणालात."

"पण नाव कोणी सुचवलं?"

वर्गाने खिडकीकडे बघितलं. लेक उठली, वही घेऊन पुढे आली आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"सोमवार. पात्राला नमस्ते म्हटलं नाही. पात्र स्वतःच 'बसा' म्हणालं. आम्ही बसलेलोच होतो. मंगळवार. पात्राने सतरा प्रश्न विचारले आणि सतराही उत्तरं दिली. एक उत्तर पात्राला पटलं नाही, तेव्हा ते स्वतःशी वाद घालून जिंकलं. बुधवार, घरी. पात्र दारात स्टूलवर बसून एकटेपणावर पन्नास मिनिटं बोललं. जाताना म्हणालं, तुझ्याशी बोलून बरं वाटलं. गुरुवार. पात्राला अजूनही कळलेलं नाही. प्रयोग महिनाभर वाढवला तरी चालेल असं वर्गाचं मत पडलं."

वर्ग हसत होता. मीही हसलो, नाहीतर करणार काय? मग बाईंनी पान उलटलं आणि आवाज जरा खाली आणला.

"निष्कर्ष. पात्राला एकटं वाटलं नाही. मला वाटलं. पण ते सोमवारच्या आधीपासूनच वाटत होतं."

हसणं थांबलं. मी लेकीकडे बघितलं. ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्यावर बोलायला माझ्याकडे, आश्चर्य म्हणजे, एकही वाक्य नव्हतं.

बाईंनी वही मिटली. "पुस्तक राहू द्या," त्या म्हणाल्या. "मुलांना उत्तम कळलंय. एक प्रत सर घरी घेऊन जातील."

संध्याकाळी टेबलाशी बसताच मी लेकीला म्हटलं, "तू बोल. मी ऐकतोय."

तिने आधी आईकडे बघितलं. मग हळूहळू सुरू झाली. तिला भाषा-बिषा शिकायची नाही. कान कसा ऐकतो ते शिकायचंय, आईच्या दवाखान्यात बसून यंत्रं बघायचीयत. हे ती मला गेल्या परीक्षेपासून सांगत होती. तेच लिहिलेली चिठ्ठी तिने दोनदा माझ्या पुस्तकात ठेवली होती. दोन्ही वेळा मी ती न वाचता पानाची खूण म्हणून वापरली होती.

"हे बघ," मी तोंड उघडलं, "या बाबतीत माझा अनुभव असा आहे की..."

"अहो," बायकोने माझ्याकडे दवाखान्यात बघते तसं बघितलं. "ऐकू आलं की नुसता हात वर करायचा."

मी हात वर केला. लेक बोलत राहिली, मी हात वर करत राहिलो. पाऊण तास. जेवण गार झालं, खांदा भरून आला, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. शेवटी बायकोने लेकीच्या वहीत माझा निकाल लिहिला. कान दोन्ही उत्तम. बिघाड इतरत्र.

यावर माझं म्हणणं मी तुम्हाला सांगतोय, कारण घरात अजून बोलायची परवानगी मिळालेली नाही.