तुळजाक्कांचं शुक्रवारचं हळदीकुंकू

बसवनगुडीत राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी मागचं दार उघडलं, तर शेजारच्या अंगणात पन्नाशीच्या एक विधवा बाई कासोटा घट्ट खोचून विहिरीच्या दोराने उड्या मारत होत्या. मी पुण्याची. धक्का बसला तरी तो चेहऱ्यावर न दाखवण्याची मला सवय आहे. पण त्या दिवशी हातातली बादली पडली.

उड्या न थांबवता त्या म्हणाल्या, "नवी काय गे तू? पाठ दाखव."

मी दाखवली. का दाखवली, ते मला अजून कळलेलं नाही.

"वाकलीस. वयाच्या आधी."

या तुळजाक्का. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे बोलण्यात मराठीइतकीच कानडी. भाजीवाला असो की पोस्टमन, "स्वल्प हात वर कर की," म्हणायच्या, आणि हात पुरता वर गेला नाही की "सांधे झोपले तुझे" असं सांगून मोकळ्या. देवळातल्या पुजाऱ्याला त्यांनी एकदा डाव्या हाताने आरती ओवाळून बघायला सांगितलं. उजवा खांदा आखडलाय म्हणून. मी शेजारीच उभी होते. मी ओळख दाखवली नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला उदबत्त्या वळणाऱ्या बायकांचं वठार होतं, म्हणजे आपल्याकडची चाळ. सकाळपासून अंधार पडेपर्यंत पाटासमोर मांडी घालून काड्यांवर काळा लगदा वळायचा. पंचविशीतल्या बायका उठताना भिंत धरायच्या. तुळजाक्कांना ते बघवत नसे. एक दिवस त्या सरळ वठारात गेल्या आणि म्हणाल्या, "उठा सगळ्या. हुतूतू खेळायचा."

वठारातली थोरली मुनियम्मा. तीन सुनांची सासू. तिने वरही न बघता विचारलं, "आणि काड्या कोण वळणार? तुझा हुतूतू?"

अक्का परत आल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात.

"विमला, शुक्रवारी तुझ्याकडे हळदीकुंकू."

"माझ्याकडे? कुणी ठरवलं?"

"मी. मागच्या मैदानात. वठारातल्या सगळ्या बायकांना सांगून आले."

मी हातातली पळी खाली ठेवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "खेळायला सासू सोडत नाही. कुंकवाला नाही म्हणायची तिची छाती आहे काय? इथं कुणाचीच नाही."

ते खरं होतं. शुक्रवारी बायका आल्या, मुनियम्मा सगळ्यांच्या पुढे. मी हळदीकुंकू लावलं, पान-सुपारी दिली. त्या उठणार, एवढ्यात तुळजाक्का कानडीत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमच्या मराठ्यांत फुगडी घातल्याशिवाय कुंकू पुरं होत नाही."

मी करंडा हातात धरून थिजले. माझ्या आईने, सासूने, कुणीही असलं काही कधी ऐकलेलं नव्हतं. मुनियम्माने माझ्याकडे पाहिलं. "होय, अम्मा?" माझ्या तोंडून "होय" गेलं. पुरं करायचं म्हटल्यावर पुरं करायलाच हवं, म्हणून बायकांनी पदर खोचले आणि एकमेकींचे हात धरले. पहिल्या दिवशी निम्म्या धुळीत बसल्या. एक सून इतकी हसली की तिला उचकी लागली.

मग दर शुक्रवारी फुगडी. पुढे झिम्मा आला, मग दोरीवरच्या उड्या. तीही आमची प्राचीन चाल असल्याचं अक्कांनी ठोकून दिलं. बायका उठताना आता भिंत शोधत नव्हत्या. मुनियम्मा स्वतः अशी गरगरायची की समोरची सून घाबरून "अत्ते, सावकाश" म्हणायची.

आणि मुनियम्माने त्याचं व्रत केलं. फुगडीआधी न्हायचं, काही खायचं नाही, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य. पाठ दुखायची थांबली हे व्रताचंच फळ. एका गुरुवारी ती माझ्या दारात आली, अगदी अदबीने.

"अम्मा, रागावू नका. ती अक्का चांगली आहे. पण व्रताच्या जागी विधवा नको. फळ जातं."

मी हबकले. जिने हे सगळं उभं केलं, तिलाच बाहेर. हे व्रतबित काही नाही, असं सांगणार होते, पण थांबले. आधी अक्कांना विचारावं म्हटलं.

अक्का विहिरीवर कपडे धूत होत्या.

"खरं सांगून टाकू का मुनियम्माला?" मी विचारलं.

"सांग. मग उद्या एक तरी सून घराबाहेर पडते काय बघ."

"पण तुम्ही?"

त्यांनी लुगडं पिळलं, झटकलं, वाळत घातलं. "बेडा. सांगू नको. मी येत नाही."

मला वाटलं होतं त्या भांडतील. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर शुक्रवार मी सांभाळू लागले. संध्याकाळी कुंपणापाशी हजेरी द्यावी लागे. कोण दमलं, कुणाचा गुडघा वाजला, धाकट्या सुनेची मान आता वळते काय. मी सांगायची, त्या "सरी, सरी" म्हणायच्या आणि घरात जायच्या.

एका शुक्रवारी बायका गेल्यावर नैवेद्याची वाटी राहिली म्हणून मी मैदानात परतले. धुळीत पायांची गोल गोल कडी उमटली होती. त्यातल्या एका कड्यात तुळजाक्का उभ्या. दोन्ही हात फुलीसारखे पुढे धरलेले, पाय जुळवलेले, अंग मागे टाकलेलं. समोर कुणी नाही. तोल गेला तशा एक पाऊल मागे आल्या, आणि पुन्हा तशाच उभ्या राहिल्या.

मला बघून म्हणाल्या, "पाय कुठं घसरतात, ते बघत होते."

मी वाटी खाली ठेवली आणि हात पुढे केले. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "हळद आहे तुझ्या हाताला. धुऊन ये."

"नाही धूत."

त्यांनी कासोटा खोचला. मग त्यांनी माझे हात धरले. मी लग्नानंतर फुगडी घातली नव्हती. त्यांनी कधीपासून, ते मी विचारलं नाही. आम्ही फिरलो. माझा अंबाडा सुटला, आणि कुणीतरी हसत होतं ते त्या होत्या.

फुगडी थांबली की हात सोडायचे असतात. त्यांनी सोडले नाहीत. पिवळी झालेली आपलीच बोटं बघत उभ्या राहिल्या. मीही ओढून घेतले नाहीत.

त्या दिवशी आमच्याकडे जेवायला उशीर झाला.