बनसोडे भाऊजींची तपासणी

शिरगावातल्या आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सकाळी बेल वाजली, तर कोणी फराळाचं ताट घेऊन आलं असेल असं समजायचं नाही. समोरचे बनसोडे भाऊजी असतात. म्हणतात, "ताई, तुमच्या रांगोळीत उजवीकडून चौथा ठिपका नाही."

भाऊजी अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त झाले ते कारखान्यातून, तपासण्यातून नाही. मेथीची काडी न् काडी उजेडात धरतात. इस्त्रीवाल्याला घड्या उलगडायला लावतात. मुलांनो, गेल्या सुट्टीत माझ्याकडे आलात तेव्हा तुमच्या बॅगांचं वजन दोनदा केलं ते त्यांनीच. स्वतःच्या मुलाच्या लग्नात वधूवर हार घेऊन उभे, आणि यांनी हात वर केला. "माल पुढे सोडू नका." एक हार बोटभर लांब होता.

यावर त्यांची बायको कुसुम एवढंच म्हणते, "मला बघायला आलात तेव्हा डोळे कुठे ठेवले होते?"

यंदा तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं, आणि कुसुम नाही म्हणाली. "सासूबाईंचं नीट केलं नाही मी. त्यांचा तळतळाट आहे. मी ओढवून घेतलंय, मीच भोगते." भाऊजींनी समजावलं, मुलाने फोनवर समजावलं, मी समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

मग भाऊजी एकटेच डॉक्टरांना विचारायला गेले, की हे होतंच कसं. परत आले ते चिडून.

"ताई, शरीरात सारख्या एका पेशीच्या दोन होतात म्हणे. दर वेळी आतला मजकूर उतरवून घ्यायचा. चुकला, की आतले तपासनीस काम थांबवतात. दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर ती पेशी मोडीत. पण ते तपासनीसच बिघडले की?"

"माल पुढे," मी म्हणाले.

"पुढे," ते म्हणाले, सख्ख्या भावाने चोरी केल्यासारखे.

रविवारी सकाळी त्यांनी सोसायटीची मुलं जिन्यात जमवली. पहिल्या मुलाच्या हातात चिठ्ठी: 'दोघांना बोलवा. जिना भरला की थांबा.' त्याने ती दोनदा उतरवून दोघांना द्यायची, त्या दोघांनी पुढच्या चौघांना. चिठ्ठी पहिल्या मजल्यावर मी तपासायची, दुसऱ्यावर तिथे राहणाऱ्या हरवानी आंटींनी. चुकली तर पुन्हा लिहायची, तरी चुकली तर फाडायची. तिसऱ्या मजल्यावर, आपल्या दारात, खुर्चीवर कुसुम. "नुसती बस," म्हणून तिला आणली होती.

पहिला डाव सुरळीत झाला. जिना भरला, मुलं थांबली. दुसऱ्या डावाला भाऊजींनी माझा चष्मा काढून स्वतःच्या खिशात टाकला. तेवढ्यात हरवानी आंटींना बहिणीचा फोन आला. तो मात्र भाऊजींनी ठरवलेला नव्हता.

एका मुलाने घाईत दुसरं वाक्यच गाळलं. मला सगळंच धुरकट. मी चिठ्ठी सोडली. आंटी फोन कानाला लावूनच, "हां बेटा, जाओ, जाओ." त्या मुलाकडून दोघांनी तेवढंच उतरवलं, त्यांच्याकडून चौघांनी. आता थांबायचं हे त्यांच्यापैकी कोणाच्याच चिठ्ठीत नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगमधली पोरं आली, त्यांच्यामागून क्रिकेटची टीम. दूधवाला मधेच अडकला, त्याच्याही हातात चिठ्ठी पडली. कोणीतरी कुत्र्यालाही बोलावलं.

"भाऊजी, आवरा आता," मी खालून ओरडले. ते गर्दीतून वर घुसत होते. चष्मा मागायला मीही मागोमाग.

"बघ," ते कुसुमला धापा टाकत म्हणाले. "ताईंना दिसेना. आंटींना फोन आला. यात पाप कोणी केलं? आईचा तळतळाट कुठे आहे या जिन्यात?"

कुसुमने खाली जिन्याकडे पाहिलं. कुत्रा तिच्या पायाशी येऊन बसला होता.

"नाही दिसत," ती म्हणाली. "जाऊ ऑपरेशनला."

भाऊजींनी मान हलवली, पण चेहरा होता तसाच. तिने त्यांची बाही धरली.

"मी झोपलेली नसते हो. रोज पहाटे सासूबाईंच्या तसबिरीपुढे बसून काय पुटपुटता, ऐकते. 'जगाचं तपासलं आणि घरातलंच माझ्याकडून सुटलं.' मग या जिन्यात तुमची तरी चूक कुठे आहे, दाखवा."

भाऊजी उंबऱ्यावर बसले. तिने बाही सोडली नव्हती. मी चष्म्याशिवायच वळले आणि पोरांना खाली उतरवायला लागले. त्या दोघांना जरा जागा हवी होती.