शेवंती शेळीचं मनोगत

एका जंगलात... आता ‘एका’ कशाला म्हणायचं? ह्याच जंगलात, ह्याच वडाखाली एक शाळा होती. शाळेत दहावीचा वर्ग होता आणि त्या वर्गात मी होतो. हसू नका रे, साळिंदरसुद्धा कधीतरी लहान असतं. तेव्हा माझे काटे नुकते कडक व्हायला लागले होते आणि सगळे मला साळू म्हणायचे.

वर्ग आमचा फार हुशार होता. म्हणजे आम्हीच तसं म्हणायचो. विज्ञानाच्या तासाला आम्ही वाघाच्या जबड्याची आकृती काढून भागांना नावं द्यायचो. सुळा कुठला, दाढ कुठली, झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगणार. ‘वाघ दिसल्यास काय करावे?’ हा धडा मात्र परीक्षेला नव्हता. म्हणून तो सरांनी वगळला. आम्हाला केवढा आनंद झाला होता.

सर म्हणजे बगळे सर. मुख्याध्यापक तेच आणि मराठीला पण तेच. पांढरेशुभ्र, एका पायावर उभं राहून शिकवायचे. व्याकरणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

परीक्षा जवळ आली आणि आमचा निरोप समारंभ ठरला. निरोप समारंभ म्हटला की प्रत्येकाने मनोगत व्यक्त करायचं असतं. मनोगत म्हणजे मनातलं. आता मनात काय असायला हवं, ते सरांनी फळ्यावर लिहून दिलं.

आधी म्हणायचं, ‘आज माझे डोळे पाणावले आहेत.’ मग म्हणायचं, ‘या शाळेने आम्हाला घडवलं.’ आणि शेवटी छाती पुढे काढून, ‘मी मोठेपणी वाघ होणार!’

“सगळ्यांनीच वाघ व्हायचं, सर?” रेडकाने विचारलं.

“ध्येय मोठं ठेवावं,” सर म्हणाले. “पाठ करा.”

आम्ही पाठ केलं. मी तर तळ्याच्या काठी उभा राहून, डोळे वटारून म्हणून बघायचो. तळ्यात एक साळिंदर दिसायचं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पाठ केलं नाही ते एकटीने. शेवंती शेळीने. शेवंती माझ्या शेजारी बसायची.

“शेवंते, तू मोठेपणी कोण होणार?” सरांनी विचारलं.

“शेळी.”

“अगं, ती तू आहेसच!”

“मग चांगलंच झालं की, सर. निम्मं काम उरकलं.”

सर दुसऱ्या पायावर उभे राहिले. फार राग आला की ते पाय बदलायचे. “शाळेचं नाव घालवशील!” म्हणाले आणि निघून गेले.

मधल्या सुट्टीत आम्ही सगळे तिच्या मागे लागलो. मी म्हणालो, “वाघ म्हणायला तुझं काय जातंय गं? नुसतं म्हणायचं तर आहे. होतंय कोण?”

“नाही होणार तर म्हणायचं कशाला?” ती म्हणाली आणि पाला चघळत बसली. शेळीच ती. तिला काय समजावणार?

समारंभाचा दिवस उजाडला. आंब्याच्या पानांचं तोरण, रांगोळी, सगळं झक्क. आणि प्रमुख पाहुणे म्हणून कोण आलं असेल? खुद्द वाघसाहेब! सर सगळ्यांना सांगत होते, “साहेबांनी वेळात वेळ काढला हो!”

आमची पाचावर धारण बसली. आकृतीतला जबडा वेगळा आणि हा वेगळा. ह्याला भागांची नावं लिहिलेली नव्हती.

वाघसाहेब हसले. “मुलांनो, घाबरू नका. आज एकादशी. माझा कडक उपास असतो. निर्धास्त बसा.”

किती साधा माणूस, असं सगळे एकमेकांना म्हणाले. माणूस म्हणायची आपली पद्धत आहे, म्हणून म्हणाले.

मनोगतं सुरू झाली. सशाचं पोर उठलं. पाठ केलेलं सगळं विसरलं, म्हणून ‘मी मोठेपणी वाघ होणार’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणून खाली बसलं. बेडकाने ‘वाघ’ म्हणेपर्यंत दम धरला आणि लगेच तळ्यात उडी मारली. मी उठलो. माझे डोळे वेळेवर पाणावले नाहीत, म्हणून मी जोरात शिंकलो. शेवटी मीही म्हणालो, “वाघ होणार!” साहेबांनी माझ्याकडे पाहून जांभई दिली. सुळा कुठे असतो ते मला पक्कं कळलं.

“बापरे!” साहेब सरांना म्हणाले. “हे तर सगळे माझे जातभाईच निघाले. जातभाईंना कसं खाणार? आमचे जेवायचे वांधे व्हायचे!”

आम्ही खूप हसलो. मोठी माणसं विनोदी बोलतात, हे आम्हाला ठाऊक होतं.

शेवटी शेवंती उठली. सरांनी डोळे मिटून घेतले.

“मी मोठेपणी शेळीच होणार आहे,” ती म्हणाली. “परीक्षा झाली की पलीकडच्या टेकडीवर जाणार. तिथे करवंदीच्या जाळ्या आहेत. पोटभर पाला खाणार आणि दुपारी सावलीत रवंथ करत बसणार. पुढे मला करडं होतील. त्यांना कड्यावर चढायला शिकवीन. शाळेचं म्हणाल तर गणित मला कधीच आलं नाही. पण मी साळूच्या शेजारी बसायचे. त्याचे काटे टोचायचे. तरी मी जागा नाही बदलली. कारण तो एकटा पडला असता. एवढंच माझ्या लक्षात राहील.”

एवढं बोलून ती खाली बसली. आणि बाळांनो, सगळा वर्ग रडला. फळ्यावर लिहिलेलं नसताना रडला. मी तर हमसून हमसून रडलो. माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी कधी बोललंच नव्हतं.

वाघसाहेब उठून उभे राहिले. त्यांनासुद्धा पाणी आलं होतं. सर म्हणाले, डोळ्यांना आलं. मी पुढच्या रांगेत होतो. मला ते तोंडाला सुटलेलं वाटलं. पण सरांपेक्षा मला काय जास्त कळणार?

“शाबास!” साहेब म्हणाले. “इतक्या सगळ्यांत एक तरी खरं बोललं. मला शेळी फार आवडते. पोरी, उद्या माझा उपास सुटतो. उद्या जेवायला तू!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाघाच्या घरचं आमंत्रण! आमच्या शाळेत असं कधी घडलं नव्हतं.

संध्याकाळी शेवंती जरा घुटमळत सरांकडे गेली. मी बरोबर होतो. “सर, ते ‘जेवायला ये’ म्हणाले नाहीत. नुसतं ‘जेवायला तू’ म्हणाले.”

सरांना कोणी व्याकरणाची शंका विचारली की त्यांचा चेहरा खुलायचा. “अगं वेडे, वाक्यात क्रियापद अध्याहृत आहे. म्हणजे बोललेलं नाही, आपण समजून घ्यायचं. उद्या जेवायला तू ये. कळलं?”

“कळलं,” शेवंती म्हणाली.

मलाही कळलं. मला तर ह्याच प्रश्नाला चाचणीत पैकीच्या पैकी होते.

सकाळी तळ्यावर अंघोळ करून, कानामागे फूल खोवून शेवंती निघाली. आम्ही सगळे ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो. ती म्हणाली, “साळू, तिकडे काही चांगलंचुंगलं असलं तर तुला घेऊन येते हं.” आणि उड्या मारत गेली.

दुपार झाली. ती आली नाही. दिवस कलला, तरी आली नाही. मग कावळा निरोप घेऊन आला. साहेबांनी सांगितलं होतं, “विद्यार्थिनी उत्तम होती. असेच विद्यार्थी घडवत राहा.”

सरांनी तो निरोप प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना ऐकवला. आठवड्याभरात फाटकावर पाटी लागली. ‘आमची शेवंती थेट वाघाच्या गुहेत! प्रवेश सुरू आहेत.’ पुढच्या वर्षी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती.

आमच्यापैकी वाघ कोणी झालं नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. ससा गवत खातो. बेडूक तळ्यातच आहे. मला काहीच होता आलं नाही, म्हणून मी शिक्षक झालो. याच शाळेत मराठी शिकवतो. पण सगळे धडधाकट आहोत. नातवंडं बघतोय. जी खरं बोलली ती तेवढी नाही. मला तिची फार आठवण येते, बाळांनो. अजून येते.

असो. परवा तुमचा निरोप समारंभ. पाहुणे ठरलेत. रडताय काय? डोळे पुसा आधी. चला, सगळ्यांनी उभं राहायचं, छाती पुढे काढायची आणि माझ्यामागून म्हणायचं. मोठ्याने. ए, मागच्या रांगेतली करडं, तुम्ही सगळ्यात मोठ्याने म्हणायचं. मी मोठेपणी...

तात्पर्य : मनोगतात मनातलं सांगू नये. अगदीच राहवत नसेल, तर प्रमुख पाहुणे काय खातात ते आधी विचारून घ्यावं.