पंतांच्या दोऱ्याची आणि सातशे पत्रिकांची हकीगत

श्रीगजानन, श्रीशारदा आणि वेशीवरील मारुतीराय यांसी दंडवत घालोन लिहिले ऐसे जे, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी, एके सर्व्हरचे मुलखी, ईमेलची डाक त्रिंबकपंत डाकनीस पाहात होते. डाकेची वेस, म्हणजे पंचविसावा दरवाजा, मुलखाचे धनी राव यांच्या मुद्रेवाचून उघडत नसे, म्हणोन मुद्रा पंतांचे बोटी असे, आणि तिने सगळ्याच कोठ्या उघडत. रावांच्या मातोश्री सगुणाबाई यांस याचे नवल वाटले. बोलिल्या, "वेस उघडणाऱ्याला सगळं घर मोकळं कशाला? पाणक्याला कोणी देवघरात निजवतं का?" मग हुकूम जाहला की पंतांस पिवळा दोरा बांधावा, कोठ्यांसही वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधावे, आणि दोरा जुळेल तेथेच पाऊल, मग मुद्रा असो की खुद्द राव असोत. आणि पंतांस काय लागते ते कळावे म्हणोन पंधरा दिवस कोणी न अडविता नुसते टिपले, आणि त्यावरून नेम ठरवोन पहारा कडक केला.

मग कार्तिकात बाईंच्या नातीचे लग्न आठ दिवसांवर आले, आणि सातशे पत्रिका डाकघरातच अडकल्या. व्याह्यांनी सांगोन पाठविले, "आमच्या भाऊबंदांस पत्रिका नाही, तर वऱ्हाड निघणार नाही." राव तापले. "आईसाहेब, तोडा ते दोरे! पोरीचं लग्न मोडेल!" बाई बोलिल्या, "दार अडलं म्हणून भिंत पाडतोस होय रे? पहाऱ्यानं कोणाला कुठं अडवलं ती मनाईची वही आणा." आणि अक्षरावर बोट ठेवोन वाचू लागल्या. पानोपानी एकच, 'पंत, गोतावळ्याच्या पत्त्यांच्या यादीची कोठी, मनाई.' पहाऱ्याचे खंडोजी नाईक म्हणाले, "टिपताना पंत तिकडे एकदाही फिरकले नाहीत, आईसाहेब." "टिपलंत कधी?" "पितृपक्षात." "अरे मुडद्या, पितृपंधरवड्यात लग्नपत्रिका कोण धाडतो! आणि तो टिपण्याचा मुहूर्त काढला कोणी, तर मीच शहाणीनं!"

आणि बोट पुढे सरकले तो अडखळले. 'पंत, सर्वांच्या पासवर्डांची पेटी, मुद्रा दाखविली, मनाई.' "पंत, इथं कुणाचं लग्न होतं?" पंत बोलिले, "परमुलखीचं एक पत्र उघडलं, आईसाहेब, त्यात करणी होती; मग पाय माझे, पण चालवीत होता तो पत्र धाडणारा." राव बोलिले, "दोरे राहू द्या, आईसाहेब." मग बाईंनी यादीच्या त्या एका कोठीस पिवळा दोरा बांधविला, तोही वाचण्यापुरता, यादीत खाडाखोड करण्याची मनाईच, आणि सातशे पत्रिका घटकेत वेशीबाहेर पडल्या.

येणेप्रमाणे वऱ्हाड आले, लग्न लागले, पेटी शाबूत राहिली. पंत चाकरीवर कायम आहेत. दोराही कायम आहे.